मरणाऱ्याच्या उशाशी कोण बसणार?

मरणासन्न माणसाच्या सोबतीला प्रशिक्षित माणूस असावा का, त्याला त्याचे पैसे द्यावेत का, आणि हॉस्पिस, म्हणजे बरे न होणाऱ्या रुग्णाचे शेवटचे दिवस सुसह्य करणारी सेवा, असताना त्याची वेगळी गरज काय, यावर पुण्यात अलीकडे बरेच बोलले जाते. ज्येष्ठ नागरिक संघांत बोलले जाते, डॉक्टरांच्या बैठकांत बोलले जाते, आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर तर हमरीतुमरीवर येऊन बोलले जाते. अशा सोबतिणीला 'डूला' म्हणतात; हे नाव आपल्याला नवे, त्यामुळे सगळी चर्चा नवेपणाभोवतीच फिरते. एक बाजू म्हणते, हे अमेरिकेतले खूळ आहे. आपल्याकडे मुलेबाळे आहेत, शेजारपाजार आहे, आता मरणाचाही धंदा मांडायचा का? दुसरी बाजू म्हणते, जग पुढे गेले, आपणही प्रमाणपत्राचे वर्ग काढू या. या गदारोळात एका व्यक्तीचे नाव कोणीच घेत नाही. मी हे लिहीत असताना कोथरूडच्या, औंधच्या, सहकारनगरच्या कितीतरी फ्लॅटांत ती कुणाच्या तरी उशाशी बसलेली आहे. घरोघरी आजाऱ्यांची शुश्रूषा करायला ब्युरो नावाच्या संस्था बायका पाठवतात; तिला आपण 'ब्युरोची बाई' म्हणतो.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. हॉस्पिसची टीम आणि अंतकाळची सोबतीण एकमेकींची जागा घेऊ शकत नाहीत, आणि एकीवाचून दुसरीचे काम अर्धे राहते. वेदना आटोक्यात ठेवणे हे हॉस्पिसचे काम. दोन भेटींच्या मधले लांबलचक तास निभावणे हे सोबतिणीचे. हे तास पुण्यात आजही कुणीतरी निभावतेच आहे. फक्त तिला कुणी शिकवलेले नाही, तिचे कुणी ऐकत नाही, आणि हॉस्पिसशी तिचा संबंध जोडून दिलेला नाही. डूला बाहेरून आणायची की नाही, यावर भांडत बसलो तर हा खरा प्रश्न हातातून निसटतो.

आधी वेळेचा हिशेब मांडू. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणारी शुश्रूषा. वारज्याचे सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून कॅन्सरच्या रुग्णांची विनामूल्य शुश्रूषा करत आले आहे. तिथे रुग्णाबरोबर घरचे माणूस राहू शकते आणि काळजी कशी घ्यायची हे त्याला शिकवले जाते. हे काम किती मोलाचे आहे, हे ज्याने पाहिले त्याला सांगायला नको. पण ज्याला आपल्याच खोलीत, आपल्याच पलंगावर शेवटचे दिवस काढायचे आहेत, त्याच्याकडे जगातली कोणतीही टीम चोवीस तास बसू शकत नाही. नर्स येते, जखम बघते, औषधाचा डोस बदलते, घरच्यांशी बोलते, पुढच्या घरी जाते. आठवड्याचे तास १६८. त्यातले दोन-तीन तास, फार तर पाच-सहा तास टीमचे. उरलेले तास कुणाचे? आणि माणूस मरतो तो बहुधा याच उरलेल्या तासांत.

अमेरिकेत ही उणीव हॉस्पिसच्याच लोकांच्या लक्षात आली. हेन्री फर्स्को-वाइस हे न्यूयॉर्कमधल्या हॉस्पिसमध्ये समाजसेवक होते. बाळंतिणीला सोबत करणाऱ्या डूलांचे शिक्षण त्यांनी घेतले, तेव्हा हेच तंत्र दुसऱ्या टोकालाही लागू पडेल असे त्यांना वाटले, आणि २००३ मध्ये त्यांनी स्वयंसेवकांचा पहिला गट तयार केला. म्हणजे डूला हॉस्पिसच्या विरोधात उभी राहिली नाही, ती हॉस्पिसच्या पोटातून आली. तिचे काम काय? शुद्ध असतानाच रुग्णाशी बोलून घ्यायचे: शेवटचे दिवस कुठे काढायचे, खोलीत कोण हवे, कोण नको, दिवा मंद हवा की खिडकी उघडी हवी, कानावर काय पडावे. हरिपाठ म्हणा, भीमसेन म्हणा, किंवा काहीच नको म्हणा. ज्याला जमेल त्याच्याकडून नातवंडांसाठी चार गोष्टी लिहून किंवा बोलून घ्यायच्या. शेवट जवळ आला की पाळ्या लावून बसायचे. श्वास का थांबून थांबून चालतो, हातपाय निळसर का होतात, खाणे का सुटते, हे घरच्यांना आधीच समजावायचे. माणूस गेल्यावरही एक-दोनदा येऊन बसायचे. औषध ती देत नाही, बदलत नाही, त्यावर मतही देत नाही.

आता जवळून पाहिलेले सांगतो. माझे एक मामा सहकारनगरला राहायचे. स्वादुपिंडाचा कॅन्सर, उपचार थांबवलेले, घरीच राहायचे असे त्यांनी स्वतः ठरवलेले. घरी येणारी नर्स उत्तम होती. मॉर्फिनच्या वेळांचा तक्ता तिने फ्रिजवर चिकटवून दिला होता आणि त्याखाली आपला नंबर लिहिला होता. रात्रपाळीला भोरकडची एक बाई असे. एका रात्री मामांना घरघर लागली. मामेभावाला वाटले, बाबा गुदमरताहेत. बाईने मामांना अलगद कुशीवर वळवले, डोक्याखाली आणखी एक उशी सरकवली, ओल्या कापसाने ओठ पुसले आणि म्हणाली, "दादा, आता हलवू नका त्यांना. पाय गार पडलेत बघा. वेळ आलीय." तिचे कोणी ऐकले नाही. ॲम्ब्युलन्स आली, जिन्यातून स्ट्रेचर नेताना भिंतीचे पोपडे उडाले, आणि पहाटे अतिदक्षता विभागात त्यांच्या घशात नळी होती. मामी काचेबाहेर बाकावर बसून होत्या. मामा तिथेच गेले.

बाईला जे कळले होते ते बरोबर होते. घशात साठलेला स्राव गिळता आला नाही की तो आवाज होतो. ऐकणाऱ्याच्या काळजाचे पाणी होते, पण त्या अवस्थेतल्या माणसाला त्याचा त्रास सहसा जाणवत नाही, असे या शाखेतले डॉक्टर सांगतात. आणि कुशीवर वळवणे हाच पहिला उपाय. भोरच्या त्या बाईने कितीतरी माणसे जाताना पाहिली होती. मामेभावाने एकही नाही. तरी निर्णय त्याचा, कारण तो मुलगा आणि ती बाई. फ्रिजवरचा नंबर रात्रीही लावायचा असतो, हे दोघांपैकी कुणालाच स्पष्ट सांगितलेले नव्हते. मामांना जी सोबत हवी होती ती घरात हजर होती, आणि तिला बोलण्याचा अधिकार नव्हता.

पहिला आक्षेप कुटुंबाचा, आणि तो मी हलका मानत नाही. आई-बापाचा शेवट सांभाळणे ही मुलांची जबाबदारी. ती पैसे देऊन तिसऱ्यावर टाकली, तर नात्यात उरले काय? या भावनेत खरा जिव्हाळा आहे. पण वस्तुस्थितीही बघितली पाहिजे. वाड्यात दहा माणसे राहत, तेव्हा त्यात एखादी आजी किंवा आत्या अशी असायची की तिने आधी चार मरणे हाताळलेली असत. तोंडात गंगाजल कधी घालायचे आणि कधी घातले तर ठसका लागेल, हे तिला ठाऊक असे. मरण घरातून इस्पितळात गेले आणि हे शहाणपण घरातून गेले. आजच्या पन्नाशीच्या पुणेकराने आपले माणूस डोळ्यांदेखत जाताना बहुधा पाहिलेले नसते. त्याला फोन येतो आणि तो धावत जातो. एक मुलगा न्यू जर्सीत, मुलगी बंगळूरला, इथे सत्तरी ओलांडलेली बायको पंचाहत्तरीच्या नवऱ्याला कूस बदलवते आहे. या घरात प्रेम कमी आहे असे कोण म्हणेल? कमी आहे ते हात, झोप आणि माहिती. औषधाच्या वेळा, डायपर, नातेवाइकांचे फोन, विम्याचे कागद यांत जी मुलगी दिवसभर गुंतलेली असते, तिला बापाचा हात हातात धरून बसायला वेळ कुठून मिळणार? सोबतीण आली की मुलीला पुन्हा मुलगी होता येते.

शिवाय परक्या बाईने पैसे घेऊन आजाऱ्याचे करणे यावर पुण्यात आक्षेप घेतले गेले, ही काही पहिली वेळ नाही. रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये पुणे सेवासदन सुरू केले आणि स्त्रियांना, त्यांत विधवांनाही, परिचारिकेच्या शिक्षणाची वाट मोकळी करून दिली. भल्या घरच्या बाईने परक्याच्या अंगाला हात लावायचा, त्याची घाण काढायची, हे तेव्हा किती जणांना पटले असेल? ते काम हलके मानले जाई, कारण ते शिकण्याचे काम आहे हेच मान्य नव्हते. आज नर्सविना दवाखान्याची कल्पना तरी करता येते का? ब्युरोच्या बाईच्या कामाकडे आपण आज ज्या नजरेने बघतो, ती नजर तीच आहे.

दुसरा आक्षेप डॉक्टरांचा, आणि तो जास्त धारदार आहे. पॅलिएटिव्ह केअरच्या टीममध्ये समुपदेशक असतो, समाजसेवक असतो, स्वयंसेवक असतात. अमेरिकेत तर मेडिकेअरच्या, म्हणजे तिथल्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याच्या, पैशावर चालणाऱ्या हॉस्पिसला रुग्णसेवेच्या एकूण तासांच्या निदान ५ टक्के तास स्वयंसेवकांकडून भरून घ्यावे लागतात. मग हा आणखी एक माणूस कशाला? त्याची नोंदणी कुठे, चुकला तर जबाबदार कोण? डूलांना तिथेही सरकारी परवाना लागत नाही, प्रमाणपत्रे ऐच्छिक आहेत, आणि त्यांच्या कामाचा नेमका परिणाम मोजणारे संशोधन अजून तुटपुंजे आहे. उद्या कुणी हुशार सोबतीण 'हे मॉर्फिन बंद करा, त्याने माणूस लवकर जातो' असे म्हणाली, किंवा कुठला काढा सुचवू लागली, तर? ही भीती रास्त आहे आणि तिला उत्तर द्यायलाच हवे.

माझे उत्तर असे की हा आक्षेप सोबतिणीच्या विरोधात जात नाही, तो मोकाट सोबतिणीच्या विरोधात जातो. पुण्यात आज जी आहे ती मोकाटच आहे. बारा तासांची पाळी, कुणाची देखरेख नाही, नर्सला फोन करण्याची मुभा नाही, काय करू नये याची यादी नाही. जबाबदारीचा प्रश्न सोडवायचा तर तिला टीमच्या हाताखाली आणावे लागेल; बाहेर ठेवून तो सुटणार नाही. आणि संशोधनाचे म्हणाल, तर जन्माच्या बाजूला ते भरपूर आहे. बाळंतपणात सतत सोबत मिळण्याविषयीच्या २६ चाचण्यांचा, १५ हजारांहून अधिक स्त्रियांचा आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. जिला सतत सोबत मिळाली तिचे सिझेरियन होण्याचे प्रमाण कमी आढळले. सोबतिणीच्या हातात कात्री नव्हती, सुई नव्हती. त्यावरून मरणाबाबतचे अनुमान सरळ काढता येत नाही, हे मान्य. पण नुसते जवळ बसून काय होणार, असा प्रश्न यापुढे कुठल्या डॉक्टराने तरी सहज विचारू नये.

हॉस्पिसचा स्वतःचा इतिहासही डॉक्टरांनी आठवावा. सिसिली सॉन्डर्स १९४८ मध्ये लंडनच्या एका रुग्णालयात समाजसेविका होत्या, डॉक्टर नव्हत्या. डेव्हिड टास्मा नावाचा पोलंडमधून आलेला ज्यू निर्वासित तिथे कॅन्सरने मरत होता. जवळचे कुणी नाही. सॉन्डर्स त्याच्यापाशी बसत, बोलत. मरणाऱ्यांसाठी वेगळे घर असावे, ही कल्पना त्या बोलण्यात रुजली. जाताना त्याने ५०० पौंड ठेवले, त्या घराला एक खिडकी करा म्हणून. सॉन्डर्स पुढे वैद्यक शिकल्या आणि १९६७ मध्ये त्यांनी सेंट क्रिस्टोफर्स हे हॉस्पिस उघडले. आधुनिक हॉस्पिसचा पाया एका बिगर-डॉक्टर बाईने उशाशी बसून घातला आहे. पुढे शास्त्र वाढले, औषधे वाढली, रुग्ण वाढले, आणि बसण्याचा वेळ आटत गेला. सोबतीण तोच वेळ परत आणते.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत जास्त छळतो. आपल्याकडे मरणाऱ्याला वेदनाशामकच मिळत नाही, आणि तुम्ही सोबतीच्या गोष्टी करता? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात पॅलिएटिव्ह केअरची गरज असलेल्यांपैकी सुमारे १४ टक्के लोकांनाच ती मिळते. २०१५ मध्ये ८० देशांतल्या मरणाच्या गुणवत्तेचा निर्देशांक निघाला, त्यात भारत ६७ वा होता. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने मॉर्फिन इतके अवघड करून ठेवले होते की २०१४ मध्ये तो कायदा दुरुस्त करावा लागला, आणि तरीही अनेक जिल्ह्यांत ते सहजी हाती पडत नाही. आधी मॉर्फिन द्या, मग हात धरा, असे कुणी म्हटले तर त्याला चूक कसे म्हणायचे?

पण हा क्रम घरात असा चालत नाही. मॉर्फिनची साधी गोळी दर चार तासांनी द्यायची असते, दुखो न दुखो, रात्रीसुद्धा. घरचे काय करतात? 'सवय लागेल' म्हणून दुखणे असह्य होईपर्यंत थांबतात. मग वेदना चढते, गोळी पुरत नाही, आणि औषधच निकामी ठरते. डॉक्टरने लिहिलेला डोस रुग्णाच्या पोटात जाण्यासाठी रात्री दोन वाजता कुणीतरी जागे असावे लागते, आणि 'काकू, वेळ झाली, गोळी द्या' असे न घाबरता सांगणारे असावे लागते. म्हणजे मॉर्फिनची टंचाई असलेल्या देशात, हाती आलेले मॉर्फिन वाया जाऊ नये यासाठी सोबतीण जास्तच लागते.

केरळने हे करून दाखवले. कोझिकोडला १९९३ मध्ये डॉ. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी सुरू केली, आणि काही वर्षांत मलप्पुरमच्या बाजूला शेजाऱ्यापाजाऱ्यांचे जाळे उभे राहिले: रिक्षावाले, विद्यार्थी, गृहिणी, निवृत्त शिक्षक. थोडे शिक्षण घेऊन ते घरोघरी जात, बसत, आणि कुठल्या घरात वेदना हाताबाहेर गेली आहे हे नर्सला कळवत. २००८ मध्ये केरळ सरकारने पॅलिएटिव्ह केअरचे धोरणच जाहीर केले. तिथे श्रीमंती आली आणि मग लोक सोबतीला बसले, असे घडले नाही. केरळचे लोक पैसे न घेता हे करतात आणि पुण्यात ते पगारावर करावे लागेल, हा फरक मी लपवत नाही. ज्या शहरात वरच्या मजल्यावरचे आजोबा गेल्याचे सोसायटीच्या फलकावरून कळते, तिथे निव्वळ शेजारधर्मावर हे काम उभे राहील असे मला वाटत नाही. काही भागांत राहिले तर आनंदच आहे.

आणि पुण्याला केरळपर्यंत जायचीही गरज नाही. १८९७ च्या प्लेगात या शहराने दोन प्रकारची शुश्रूषा पाहिली. रँडच्या प्लेग कमिटीचे सोल्जर घरे उघडून आजारी माणसे हुडकत होते. वैद्यकीय हेतू असेलही, पण लोक भीतीने रुग्ण लपवत होते. त्याच साली डॉ. यशवंत फुले यांनी गावाबाहेर दवाखाना चालवला आणि त्यांची आई सावित्रीबाई आजाऱ्यांना तिथे नेत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन आणले. त्याच सेवेत त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. प्लेगवर तेव्हा खात्रीचे औषध नव्हते. डॉक्टर मुलाच्या हातात होते त्याहून फारसे कमी त्या आईच्या हातात नव्हते, आणि दोघांना एकमेकांची गरज होती. औषध अपुरे असते तेव्हा सोबत ही चैन होते, असे ज्यांना वाटते त्यांनी हे वर्ष आठवावे.

कायद्याचीही एक बाजू आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सन्मानाने मरण्याच्या हक्काला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये आगाऊ वैद्यकीय निर्देशांची, म्हणजे शेवटी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याची, रीत सोपी केली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. पुण्यात अनेक निवृत्तांनी तो कागद केलेला आहे. तो गोदरेजच्या कपाटात, मुदत ठेवींच्या पावत्यांखाली असतो, आणि मध्यरात्री आलेल्या ॲम्ब्युलन्समधल्या माणसाला त्याचा पत्ता नसतो. ज्या सोबतिणीने तो कागद आधी वाचून घेतला आहे, तिच्यामुळे तो वेळेवर बाहेर येईल.

धंद्याचा धोका मात्र खरा आहे, आणि तो मी शेवटपर्यंत मान्य करतो. परदेशातल्या मुलांना विकायचे 'शांत निरोपाचे पॅकेज' उद्या कुणीतरी काढेलच, आणि ब्युरो आपला कट घेऊन त्याच बाईला तेवढ्याच पगारावर तिथे बसवील. ते टाळायचे तर सुरुवात महागड्या वर्गांपासून करून चालणार नाही. जी आज पाळ्या करते तिला आधी शिकवा, आणि शिकताना बुडालेल्या रोजाचे पैसे द्या. हे शिकवू शकतील अशी माणसे या शहरात आहेत. महापालिकेच्या आरोग्य खात्याने ब्युरोंना अट घालावी की मरणासन्न रुग्णाकडे शिकलेल्या बाईलाच पाठवायचे, आणि तिचा दर वेगळा ठेवायचा. घरी येणाऱ्या प्रत्येक टीमने पहिल्याच भेटीत घरच्यांसमोर सांगावे, आणि कागदावर लिहून द्यावे, की रात्री काहीही वाटले तर ही बाई आम्हाला फोन करेल आणि तो आम्ही उचलू. घरी गेलेल्या माणसाच्या मृत्यूच्या कारणाचा दाखला पहाटे कोण देणार, हेही त्याच कागदावर असावे. तो डॉक्टर आधी ठरलेला नसतो, म्हणूनही पुण्यातली कितीतरी कुटुंबे शेवटच्या क्षणी आपल्या माणसाला घरातून उचलून इस्पितळात नेतात.